घरच्या ताटातले वांगे



हिवाळ्यात वांग्याला बहर येतो आणि नेमका तेव्हाच भाव पडतो, हे आपणांस सांगायला नको. बाजारात नेलेली पाटी तशीच परत येते, गाडीभाडेही सुटत नाही, आणि वांगी म्हशीपुढे किंवा उकिरड्यावर जातात. घरभेटीला गेलो असता आम्ही हे पुष्कळदा पाहिले आहे. त्याच घरी रात्री भाताबरोबर नुसते लोणचे किंवा विकत आणलेला बटाटा असतो. एका माउलीला आम्ही विचारले, ‘‘दारात एवढी वांगी असताना बटाटा कशाला?’’ ती म्हणाली, ‘‘फादर, वांगं म्हटलं की पोरं ताट सरकवतात. रोज तोच रस्सा कोण खाणार?’’

तिचे म्हणणे खोटे नव्हते. एकच भाजी एकाच तऱ्हेने रोज केली तर कोणालाही कंटाळा येईल. म्हणून या वेळी वांगे घरी कोणकोणत्या प्रकारे करता येते, आणि तेही थोड्या तेलात, हे पाहू या.

वांग्यात काय आहे?

बटाटा, टोमॅटो आणि मिरची ही वांग्याच्याच कुळातली. पण ती अमेरिकेतून समुद्रमार्गे आपल्याकडे आली. वांगे मात्र आपल्या देशात फार पूर्वीपासून पिकते. १०० ग्रॅम वांग्यात ९० ग्रॅमहून अधिक पाणीच असते. चोथा बऱ्यापैकी असतो, त्यामुळे पोट साफ राहण्यास मदत होते. उष्मांक अवघे २५ च्या आसपास. प्रथिने मात्र एक-दीड ग्रॅमच. म्हणून वांग्याला डाळ, शेंगदाणे, तीळ किंवा सुकी मासळी यांची जोड द्यावी. आपल्या आयाआज्यांनी ही जोड कधीच घालून ठेवली आहे; आपण ती मोडू नये एवढेच.

खरी काळजी तेलाची आहे. वांग्याचा गर स्पंजासारखा असतो. त्यात हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि कढईतले तेल त्या पोकळ्यांत शिरते. एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० उष्मांक असतात, म्हणजे अर्धा किलो वांग्यात असतात जवळजवळ तेवढेच! रक्तदाब व मधुमेह आता खेड्यांतही घरोघरी दिसतात. तेव्हा वांगे खावे, पण तेलात पोहत असलेले नको.

निवड आणि फवारणी

वांगे चकचकीत, देठ हिरवा आणि आकाराच्या मानाने हलके असावे. जड वांगे बहुधा जून व बियांचे निघते. भोक दिसले तर आत अळी आहे असे समजावे. चिरलेल्या फोडी लगेच मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, म्हणजे हवा लागून काळ्या पडत नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीमुळे वांग्यावर फवारणी फार होते. तोडणी दर चार-पाच दिवसांनी येते, म्हणून पुष्कळ जण आज फवारतात आणि उद्या तोडतात. फवारणीनंतर तोडणीसाठी किती दिवस थांबायचे, हे औषधाबरोबरच्या कागदावर छापलेले असते. ते वाचावे आणि तेवढे दिवस थांबावे. धुतल्याने वरचे औषध काहीसे जाते, आत मुरलेले जात नाही. मलूल झालेले शेंडे दर आठवड्यास अळीसकट खुडून नष्ट करावेत, किडकी फळे शेतात टाकू नयेत, कामगंध सापळे लावावेत. फवारण्या आपोआप कमी होतात.

काही जण घरासाठी एक ओळ बिनफवारणीची राखतात आणि बाकीची वांगी बाजारात पाठवतात, असे आमच्या कानावर आले आहे. बंधूंनो, जे आपल्या लेकराच्या ताटात चालत नाही, ते शहरातल्या कोणाच्या लेकराच्या ताटात कसे चालेल? शेजाऱ्यावर प्रीती करावी ही आज्ञा आपल्या वांग्याच्या वाफ्यालाही लागू आहे.

आता करण्याचे प्रकार. प्रत्येक प्रमाण अर्धा किलो वांगी व पाच माणसे धरून दिले आहे.

१. भरीत

मोठे वांगे घ्यावे. किडके नाही ना हे पाहण्यासाठी उभी चीर द्यावी, म्हणजे भाजताना ते फुटतही नाही. तेलाचे बोट फिरवून चुलीच्या निखाऱ्यावर सर्व बाजूंनी भाजावे, गॅसवरही चालते. देठाजवळचा भाग मऊ झाला म्हणजे वांगे भाजले. मग दहा मिनिटे झाकून ठेवावे, साल सहज सुटते. गर कुस्करून त्यात बारीक चिरलेला कच्चा कांदा, भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, कोथिंबीर, मीठ आणि दोन मूठ शेंगदाण्याचे कूट घालावे. मुलांसाठी मिरची कमी करून वाटीभर दही घालावे. यास एक लहान चमचा तेल पुरते. ज्वारीच्या भाकरीबरोबर याच्यासारखे दुसरे काही नाही.

२. भरली वांगी

आपल्या बेळगावकडे कानडी शेजारी यास एण्णेगाई म्हणतात. एण्णे म्हणजे तेल. नावातच तेल असले तरी आपल्या कढईत ते बेताने असावे. लहान काटेरी वांगी देठ ठेवून चार चिरा देऊन घ्यावीत. भाजलेल्या शेंगदाण्यांचे अर्धी वाटी कूट, दोन मोठे चमचे तीळ, एक चमचा कारळे, थोडे सुके खोबरे, लिंबाएवढ्या नव्हे तर सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, मसाला व मीठ एकत्र करून भरावे. दोन मोठे चमचे तेलाची फोडणी करून वांगी ठेवावीत, उरलेला मसाला व अर्धी वाटी पाणी घालावे. वर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतावे. त्या वाफेवर १५ ते २० मिनिटांत वांगी शिजतात आणि करपत नाहीत. मधे एकदाच हलक्या हाताने परतावीत.

३. डाळ-वांगे

वाटीभर तुरीची डाळ हळद घालून शिजवावी. वांग्याच्या मोठ्या फोडी अर्धवट उकडून त्यात सोडाव्यात. चिंच, गूळ, मीठ घालून उकळी आणावी आणि वरून एक मोठा चमचा तेलात मोहरी, हिंग, लसूण व सुकी मिरची यांची फोडणी द्यावी. वाढत्या वयाच्या मुलांना व बाळंतिणीला हा प्रकार उत्तम. घरात चार माणसे जास्त आली तर वाटीभर पाणी वाढवता येते, ही आणखी एक सोय.

४. सुकट घालून वांगे

गोव्याकडील आपल्या लोकांना हे सांगायला नको. मूठ-दोन मूठ सुकट कोरडी भाजून, डोकी-पाय चोळून काढून, दोनदा धुऊन घ्यावी. एक मोठा चमचा तेलात कांदा परतून वांग्याच्या फोडी, हळद, तिखट, आमसूल व थोडे ओले खोबरे घालावे. झाकून वाफ आणावी व शेवटी सुकट घालून पाच मिनिटे ठेवावे. सुकट मुळात खारट असते, तेव्हा मीठ चव पाहूनच घालावे. दिवसभरात एका माणसाच्या पोटात सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा अधिक मीठ जाऊ नये. रक्तदाबाच्या माणसाने हे विशेष ध्यानात ठेवावे.

५. काप

मोठ्या वांग्याच्या पाव इंच जाडीच्या चकत्यांना मीठ लावून १५ मिनिटे ठेवाव्यात. पाणी सुटते ते हलके दाबून काढावे. यामुळे आतल्या पोकळ्या मिटतात आणि वांगे तेल कमी पिते. मग हळद, तिखट, थोडा चिंचेचा कोळ लावून तांदळाच्या पिठात घोळवाव्यात. तव्यावर दोन लहान चमचे तेल सोडून मंद आचेवर झाकून दोन्ही बाजूंनी भाजाव्यात. ताट सरकवणारी मुले काप मागून खातात, हा अनेक घरांचा अनुभव आहे. सुरुवात येथूनच करावी.

उरलेल्या वांग्यांसाठी

पाटी परत आलीच, तर कोवळी वांगी उभी चिरून उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवावीत, निथळून कडक उन्हात पातळ कापडाखाली खडखडीत वाळवावीत व घट्ट डब्यात ठेवावीत. पावसाळ्यात भाजी मिळत नाही तेव्हा त्या गरम पाण्यात भिजवून आमटीत घालता येतात.

एक सावधानता

वांगे खाऊन कोणाच्या तोंडाला खाज सुटते वा अंगावर गांधी उठतात. त्यांनी ते टाळावे. वांग्याच्या पाण्याने मधुमेह बरा होतो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नये. वांगे हे अन्न आहे, औषध नव्हे.

शेवटी

राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ सुरू होतो आणि त्या सुमारास वांगीही शेतात असतात. शुक्रवारी मांस वर्ज्य करून त्याऐवजी महागडी मासळी आणली, तर त्याग कसला? त्या दिवशी भाकरी व भरीत करावे. वाचलेले पैसे, किंवा विकली न गेलेली पाचदहा वांगी, ज्याच्या दारात शेत नाही अशा शेजाऱ्याकडे पोचवावीत. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याने एवढी भाकर निर्माण केली, त्याला तुकड्यांची काय वाण होती? तरीही त्याने काही वाया जाऊ दिले नाही.

आपल्या घामाने पिकलेले वांगेही उकिरड्यावर जाऊ नये. बाजाराने त्याची किंमत केली नाही तरी आपण करावी. या आठवड्यात वरीलपैकी एक तरी प्रकार करून पाहावा, आणि पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर, मुलांनी ताट सरकवले की पुसून खाल्ले, ते आम्हांला जरूर सांगावे.