काकूंच्या छतातून समुद्र

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि रात्री अकराला डोंबिवलीतली वीज गेली. पहाटे खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. "अहो, आमच्या छतातून पाणी गळतंय. आणि खारट लागतंय!" चाखून का पाहिलं, हे विचारायचा धीर झाला नाही.

माझ्या खाऱ्या पाण्याच्या ॲक्वेरियमची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद. खालच्या कपाटात संप, म्हणजे दुसरी टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून संपमध्ये उतरतं, पंप ते परत वर चढवतो. पंप थांबला की वर नेणारा पाइपच सायफन होऊन पाणी खाली ओढू लागतो. म्हणून पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली त्याला एक बारीक भोक पाडतात. पाणी तिथवर उतरलं की आत हवा शिरते आणि सायफन तुटतो. काच मी दर रविवारी पुसायचो. हे भोक मात्र शेवाळाने आणि चुन्याने कधी बुजलं, कळलंच नाही. पाइपचं तोंड तीन इंच पाण्यात. अशा टाकीत एका इंचाला सुमारे 14 लिटर पाणी बसतं. संपमध्ये मोकळी जागा होती 20 लिटरची. राहिलेलं 22 लिटर फरशीवर. आणि पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह? त्याच्या झडपेत एक चिमुकली गोगलगाय अडकली होती. तेव्हापासून त्या व्हॉल्व्हवर भरवसा ठेवून मी झोपत नाही.

आता महिन्यातून एकदा काडी घालून भोक मोकळं करतो. दर तीन महिन्यांनी पंप खोलून अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी यात तासभर बुडवतो. चुना फसफसून सुटतो. नंतर भरपूर धुवायचं, आणि ब्लीचशी व्हिनेगरची गाठ कधीच घालून द्यायची नाही. सगळे पाइप एकाच दिवशी घासू नका, आतल्या थरात अमोनिया पचवणारे जिवाणूही असतात. पंपाच्या दोन्ही अंगांना युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारे जोड, बसवून घ्या, नाहीतर दर वेळी करवत लागेल. प्लंबर पितळी कॉक बसवू लागला तर हात धरा. पितळेत तांबं असतं, आणि कोळंबी-प्रवाळांना ते विष.

आजच पंपाचा प्लग काढा आणि पाणी थांबेपर्यंत संपापाशी बसा. जिथवर चढेल तिथे मार्करने रेघ मारा. चढायचं थांबलंच नाही, तर प्लग लगेच परत लावा आणि भोक शोधा. काकूंच्या छताच्या रंगाचे पैसे मी दिवाळीत भरले.