उष्णतेची लाट आणि बागाईत : कुंभकोणमचा पानमळा, खानदेशची केळी

उष्णतेच्या लाटेची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने तीन अंगांनी होते : उष्माघाताने होणारे मृत्यू, विजेची वाढती मागणी आणि पिण्याच्या पाण्याची टंचाई. हे तिन्ही विषय महत्त्वाचे आहेत, याबद्दल दुमत नाही. परंतु जी बहुवर्षायू पिके एप्रिल-मे महिन्यांत शेतातच उभी असतात, त्यांच्या बागाईतदाराकडे या चर्चेत फारसे लक्ष जात नाही. ज्वारी, गहू, हरभरा यांची काढणी लाट येण्यापूर्वी बहुतांशी आटोपलेली असते. केळी, संत्रा, पानवेल यांना मात्र उन्हाळा टाळता येत नाही. बाग एकदा करपली की एका हंगामाचे नव्हे, तर दोन-तीन वर्षांच्या गुंतवणुकीचे नुकसान होते. म्हणूनच लाटेला तोंड देण्याच्या बागाईतदारांच्या पद्धती अभ्यासण्याजोग्या आहेत. या पद्धतींचा भर थर्मामीटरवरील आकड्यापेक्षा पानाभोवतीच्या हवेवर असतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

लाट म्हणजे नेमके काय?

भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार, मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस, किनारपट्टीवर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंशांवर पोहोचल्याखेरीज उष्णतेच्या लाटेचा विचार केला जात नाही. त्यानंतर ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असल्यास ‘लाट’ आणि ६.४ अंशांपेक्षाही अधिक असल्यास ‘तीव्र लाट’ मानली जाते. प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेल्यास लाट व ४७ अंशांवर गेल्यास तीव्र लाट, असा दुसरा निकष मैदानी भागासाठी आहे. हवामानाच्या एखाद्या उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती राहिली, तर दुसऱ्या दिवशी लाट घोषित होते. परीक्षार्थींनी हे आकडे लक्षात ठेवावेतच. पण हे तापमान मोजले कोठे जाते, हेही लक्षात ठेवावे. तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, म्हणजे सावलीत ठेवलेला असतो. पेटीत ४२ अंश असताना शेजारच्या उघड्या, कोरड्या मातीचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही पुढे जाऊ शकतो. जमिनीलगतची पाने व वरच्या थरातील मुळे यांचा संबंध येतो तो या दुसऱ्या आकड्याशी.

यात आणखी एक घटक मिळवावा लागतो, तो आर्द्रतेचा. हवा किती कोरडी आहे, यावर ती पानातून किती जोराने पाणी ओढून घेईल हे ठरते. उदाहरणादाखल खानदेशातील मे महिन्याची एक दुपार घेऊ : तापमान ४२ अंश, सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. या तापमानास हवा संपृक्त होण्यासाठी बाष्पदाब सुमारे ८.२ किलोपास्कल असावा लागतो. प्रत्यक्षात तो १.२ च्या आसपास आहे, म्हणजे तूट ७ किलोपास्कलची. आता कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील दुपार पाहा : तापमान ३८ अंश, आर्द्रता ५५ टक्के. संपृक्त दाब ६.६, प्रत्यक्ष ३.६, तूट ३ किलोपास्कल. तापमानातला फरक चारच अंशांचा, परंतु हवेची तहान दुपटीहून अधिक.

याचे परिणामही परस्परविरुद्ध होतात. कोरड्या लाटेत पान वेगाने पाणी गमावते. एक लिटर पाण्याचे बाष्प होताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणून मुळांशी पाणी असेपर्यंत पान हवेपेक्षाही थंड राहू शकते. मुळांचा पुरवठा तोकडा पडला की पर्णरंध्रे मिटतात, थंडावण्याची क्रिया थांबते आणि पानांच्या कडा करपू लागतात. दमट लाटेत पाणी कमी जाते, पण पान थंडही कमी होते आणि रात्रीचा उकाडा सरत नाही. पहिल्या प्रकारात बागेतला ओलावा कोंडून धरावा लागतो. दुसऱ्यात हवा खेळती ठेवावी लागते व पाणी साचू न देण्याची काळजी घ्यावी लागते. दोन्हींसाठी एकच सल्ला देणारे पत्रक त्यामुळे फारसे उपयोगी पडत नाही.

कावेरीकाठचा पानमळा

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम हे नाव मराठी वाचकाला परके नाही. तंजावरवर भोसले घराण्याची राजवट १८५५ पर्यंत होती. कुंभकोणमहून तिरुवारूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नाचियारकोविल हे गाव पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. या समयांच्या ओतकामाचे साचे कावेरीच्या बारीक गाळमातीत घडवले जातात. हीच गाळाची जमीन या परिसरातील बागांचाही आधार आहे. येथील विड्याच्या पानाला, ‘कुंभकोणम वेट्रिलै’ या नावाने, २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पानवेल मुळात दमट अरण्यातील सावलीत वाढणारी वेल आहे. तिला भरपूर ओलावा हवा, पण साचलेले पाणी चालत नाही. उजेड हवा, पण थेट ऊन सोसत नाही. अशा नाजूक वेलीची शेती ४० अंशांच्या प्रदेशात कशी होते? उत्तर भारतात व बंगाल-ओडिशात ती गवत-बांबूच्या आच्छादित मांडवाखाली, म्हणजे बरेजात होते. तमिळनाडू व महाराष्ट्र येथील शेतकऱ्यांनी मांडवाऐवजी झाड निवडले. तमिळमध्ये त्याला ‘अगत्ति’ म्हणतात, मराठीत हादगा. सांगली-मिरज भागातील पानमळ्यांत हादग्याबरोबरच शेवरी, शेवगा, पांगारा हीदेखील आधाराची झाडे असतात.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी वाफ्यांच्या कडेने अगत्तीचे बी टोकले जाते. ती रोपे वाढून सावली धरू लागली की मगच वेलीचे तुकडे लावले जातात. सावली पिकाच्या आधी पेरली जाते, असे म्हटले तरी चालेल. अगत्ती झपाट्याने वाढते, तिची संयुक्त पर्णिका ऊन पूर्ण अडवत नाही तर गाळून खाली सोडते, ती द्विदल असल्याने मुळांवाटे नत्र स्थिर करते, पाला जनावरांना जातो आणि कोवळी पाने तमिळ घरांत भाजी म्हणून शिजतात. (आपल्याकडे भाजीसाठी फुले तोडतात.) झाड ठरावीक उंचीला गेले की शेंडा खुडतात. पावसाळ्यात व हिवाळ्यात फांद्या छाटून उजेड आत घेतला जातो, तर उन्हाळ्याच्या तोंडी छाटणी थांबवून छत्र दाट होऊ दिले जाते. शेडनेटची जाळी मात्र ३५, ५० वा ७५ टक्के अशी एकदाच विकत घ्यावी लागते आणि ती ऋतूनुसार विरळ-दाट होत नाही. कडेला केळीची रांग किंवा गवताचा कूड असतो. त्याने गरम वारा अडतो आणि वेलींनी सोडलेले बाष्प मळ्यातच रेंगाळते.

पाणी थोडे आणि वारंवार, हा येथील दुसरा नियम. उन्हाळा वाढला की पाळ्यांतील अंतर कमी करतात. एका पाळीतील पाणी वाढवत नाहीत. घाबरून वाफे तुडुंब भरले तर मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि मूळ व खोड कुजण्याचे रोग बळावतात. लाटेत वेल जगली आणि अति पाण्याने गेली, हा अनुभव पानमळ्यांना नवा नाही. म्हणून प्रत्येक दोन वाफ्यांमध्ये खोल चर असतो. पाणी देण्याची आणि निचऱ्याची अशी दोन्ही कामे तोच करतो.

अडचण आहे ती पाण्याच्या वेळापत्रकाची. तमिळनाडूत साधारण ४ ते २८ मे हा काळ ‘अग्नी नक्षत्रम्’ म्हणून ओळखला जातो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला सिंचन देणारे, १९३४ मध्ये पूर्ण झालेले मेट्टूर धरण मात्र परंपरेने १२ जूनला उघडते. म्हणजे उन्हाचा कडाका शिखरावर असताना कालवे कोरडे असतात आणि मळा विहिरी-कूपनलिकांवर विसंबून राहतो. भाताचे वेळापत्रक धरणाच्या दाराशी जुळवता येते, बारमाही वेलीचे नाही. वीजपुरवठ्याचे तास आणि भूजलाची पातळी हीच तिच्या दृष्टीने खरी हवामानविषयक आकडेवारी ठरते.

खानदेश व विदर्भ

जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळीपुढचा प्रश्न कोरड्या लाटेचा आहे. केळीचे पान रुंद, खोड पाणीदार आणि मुळे उथळ. तापमान ३८ अंशांपुढे गेले की वाढ मंदावते. त्यात पश्चिमेकडून गरम वारा सुटला की पाने चिरतात, झाडे मोडतात, घड सटकतो आणि उन्हाच्या बाजूची फळे काळवंडतात. जून-जुलैत लावलेल्या मृगबागेचे घड नेमके याच सुमारास पोसत असतात.

येथेही बागाईतदाराचा पहिला उपाय शेवरीचाच असतो. लागवडीच्या वेळीच बागेच्या पश्चिम व दक्षिण कडेला शेवरीची वा गजराज गवताची दाट ताटी उभी केली जाते. वाऱ्याचा वेग घटला की पानालगतचा दमट थर टिकतो आणि मघाशी पाहिलेली ७ किलोपास्कलची तूट बागेच्या आत बरीच कमी होते. शिवाय घड केळीच्याच वाळक्या पानांनी झाकणे, खोडालगत उसाच्या पाचटाचे आच्छादन देणे, ठिबकचे पाणी संध्याकाळी वा पहाटे सोडणे हे उपाय आहेत. पाण्याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा : एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. दिवसाचे बाष्पोत्सर्जन ८ मिलिमीटर धरले तर हेक्टरी ८०,००० लिटर होतात. ताटीने व आच्छादनाने यातील एक मिलिमीटर जरी वाचला, तरी महिन्याला तीन लाख लिटरांची बचत होते.

नागपुरी संत्र्याच्या बाबतीत धोका आंबिया बहराच्या फळगळीचा असतो. तेथे झाडाच्या आळ्यात आच्छादन, खोडाला बोर्डो पेस्ट आणि पाण्याची पाळी न चुकवणे यांवर भर दिला जातो. ज्याच्या विहिरीला मे महिन्यात पाणी नाही, त्याला यातील शेवटचा सल्ला पाळता येत नाही, हे उघड आहे.

नुकसान मोजायचे कोणी?

पुनर्रचित हवामान आधारित पीक विमा योजना २०१६ पासून राबवली गेली. महाराष्ट्रात केळीसह अनेक फळपिकांना ती लागू झाली. या योजनेत शेताची पाहणी होऊन नुकसान ठरत नाही. महसूल मंडळातील संदर्भ हवामान केंद्रावर ठरावीक तापमान सलग ठरावीक दिवस ओलांडले गेले की भरपाई देय होते. पंचनाम्याचा विलंब टळतो, हा या पद्धतीचा मोठा गुण. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे उभारली गेल्याने मोजणी पूर्वीपेक्षा जवळ आली. परंतु केंद्र नदीकाठच्या हिरवळीत आणि बाग खडकाळ माळावर असेल, तर दोहोंच्या दुपारी सारख्या नसतात. तसेच सलग दिवसांच्या गणतीत मधला एक दिवस अर्ध्या अंशाने कमी भरला, तर साखळी तुटते. पान मात्र तोवर करपलेले असते. निकषात केवळ कमाल तापमान आहे, तोवर आर्द्रता व वारा यांमुळे होणारे नुकसान त्यात उमटणार नाही. या दोन्ही गोष्टी स्वयंचलित केंद्रे मोजतात, तेव्हा त्यांचा निकषात समावेश होणे अशक्य नाही.

आपत्ती व्यवस्थापनाच्या बाजूनेही स्थिती अशीच संमिश्र आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात उष्णतेची लाट केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत नव्हती. राज्यांना मात्र राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा १० टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तींसाठी वापरण्याची मुभा होती. एप्रिल-मे २०२४ मध्ये अंतर्गत तमिळनाडूत पारा ४३ अंशांपलीकडे गेला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या राज्याने उष्णतेची लाट राज्यस्तरीय आपत्ती म्हणून घोषित केली. मृतांच्या कुटुंबांना साहाय्य आणि बचावाच्या उपाययोजना हा त्या निर्णयाचा स्वाभाविक भर आहे. शेडनेटसारख्या संरक्षित शेतीला एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून (२०१४-१५ पासून) खर्चाच्या निम्म्यापर्यंत अनुदान मिळत आले. अगत्ती किंवा शेवरीची रांग ही देखील संरक्षित शेतीच आहे, पण ती लोखंडी सांगाड्यावर उभी नसल्याने अंदाजपत्रकात सहज बसत नाही.

राहिला प्रश्न मळ्यात राबणाऱ्यांचा. पान खुडणे हे हाताचे काम आहे, त्याला अद्याप यंत्र नाही. पान टवटवीत राहावे म्हणून खुडणी पहाटे सुरू होते, आणि उन्हाळ्यात ती ऊन चढण्यापूर्वी संपवावी लागते. पानमळ्यातील सावली वेलीप्रमाणेच मजुरालाही ऊन लागू देत नाही. परंतु कुडामुळे कोंडलेला तोच दमटपणा घाम सुकू देत नाही. वेलीला मानवणारी हवा माणसाला मानवतेच असे नाही. खुडणीच्या पाळीची मजुरी पानांच्या संख्येवर ठरत असेल, तर कामाचे तास दोनने घटले की मिळकतही घटते. उष्णता कृती आराखड्यांत दुपारी १२ ते ३ या वेळेत उन्हातील काम टाळण्याची सूचना असते; त्या बुडालेल्या तासांची मजुरी कोणी द्यायची, याचा निर्णय अद्याप बागाईतदार आणि मजूर यांच्यातच होतो.