हाकेला ओ

सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते आणि सह्याद्री उतरून पोलादपूर व महाड या तालुक्यांतून समुद्राकडे जाते. तिच्या खोऱ्यात डोंगरउतारांवर लहान लहान वाड्या विखुरलेल्या आहेत. येथील पुष्कळ घरांतील कर्ती माणसे मुंबईस नोकरीला असतात आणि घरी म्हातारी माणसे राहतात. पूर्वी मुलाची खुशाली पोस्टमन आणीत असे. आता ती फोनवरून येते.

अशाच एका वाडीत एक आजी राहत होत्या. काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी पुष्कळशी गेली होती. मुंबईच्या मुलाने त्यांना नवा स्मार्टफोन आणून दिला. त्यांचा जुना फोन बटणांचा होता. त्यातील पाचाच्या बटणावर बारीक उंचवटा असे. तो बोटाला लागला की बाकीची बटणे आपोआप कळत. नव्या फोनचा दर्शनी भाग म्हणजे नुसती गुळगुळीत काच! फोन वाजला की आजी काचेवर बोट फिरवीत. पण तो कधी घेतला जाई, तर कधी बंद होई. मुलाला वाटे, आईने फोन का तोडला? आईला वाटे, आपल्या हातून काय चुकले?

एके दिवशी शेजारची सातवीतील मुलगी घरी आली असता फोन वाजू लागला. "आजी, मी घेते हं!" असे म्हणून ती धावली. आजी म्हणाल्या, "आज तू घेशील गं पोरी. पण तू शाळेत गेलीस म्हणजे कोण घेईल? मला घ्यायला शिकव."

मुलांनो, आजींच्या या बोलण्यात मदतीचे सारे मर्म आहे. दुसऱ्याचे काम आपण करून टाकणे सोपे असते. ते त्याला स्वतः करता यावे असे करणे, ही खरी मदत.

मुलीने प्रथम विचारले, "आजी, तुम्हांला कितपत दिसते?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण दृष्टिदोष सर्वांचा सारखा नसतो. मोतीबिंदूत सारे धूसर दिसते आणि शस्त्रक्रियेने दृष्टी बहुधा परत मिळते. काचबिंदूत सहसा कडेचे दिसणे आधी कमी होते व गेलेली दृष्टी परत येत नाही. कोणाला मोठी अक्षरे आणि गडद रंग पुरतात. कोणाला ऐकण्यावर व स्पर्शावरच भिस्त ठेवावी लागते. आजींना मोठ्या अक्षरांचा उपयोग झाला नाही. तेव्हा मुलीने आपल्या गुरुजींना विचारले.

गुरुजींनी सांगितले, "या फोनला बोलता येते." २००९ साली आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' आणि अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' ही सोय आली. ती चालू केली की बोटाखाली जे येईल त्याचे नाव फोन मोठ्याने उच्चारतो. फोन आला की कोणाचा आहे, तेही सांगतो. मग हिरवे चिन्ह शोधीत बसावे लागत नाही. आयफोनवर आणि अनेक अँड्रॉइड फोनांवर दोन बोटे काचेवर कोठेही लागोपाठ दोनदा टेकवली की फोन घेतला जातो; पुन्हा तसेच केले की बंद होतो.

मात्र ही सोय चालू होताच काचेवर बोट चालविण्याची रीतच बदलते. म्हणून मुलीने आजींना ती बंद करण्याची युक्ती आधी शिकविली. त्यांच्या फोनवर आवाजाची दोन्ही बटणे काही क्षण एकदम दाबून धरावी लागत. नंतर तिने मुलाचे नाव देवनागरीत नोंदविले, म्हणजे मराठी आवाज ते नीट उच्चारील. मुलाच्या फोनसाठी तिने निराळी घंटाही लावून दिली. चार्जरची वायर लागते ती बाजू खालची, ही खूण आजींनी स्वतःच शोधली. फोनची जागा कोनाड्यात ठरली. रोज संध्याकाळी मुलगी अंगणातून आपल्या वडिलांच्या फोनवरून आजींना फोन करी. आजी चुकत, हसत आणि पुन्हा बोटे टेकवीत. त्यांचे बोट धरून तिने ते काचेवर कधीच ओढले नाही. आजींना न विचारता त्यांचे निरोपही वाचले नाहीत. "बँकेचे नाव सांगून कोणी गुप्त आकडा विचारला, तर सांगू नका बरं," एवढे मात्र तिने बजावले.

स्पर्शाचे सामर्थ्य जगाला नवे नाही. फ्रान्समधील लुई ब्रेल लहानपणीच अंध झाला होता. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने सहा टिंबांची लिपी तयार केली. आज जगभर अंध माणसे ती बोटांनी वाचतात.

पावसाळा आला. या भागात पावसाळ्याची धास्ती असते. २०२१ सालच्या जुलैत महाड शहर महापुरात बुडाले आणि तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. एका रात्री मुसळधार पाऊस लागला आणि वीज गेली. इतक्यात कोनाड्यातला फोन वाजला व त्याने मुलाचे नाव उच्चारले. घरोघरी लोक काडेपेटी शोधीत होते. आजींना उजेडाची गरज नव्हती. त्यांनी दोन बोटे दोनदा टेकवली आणि म्हणाल्या, "बोल बाळा, मी ऐकते आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे मुलीला सांगितले. अशा पावसात कधी फोनही बंद पडतात, हे मुलगी जाणून होती. म्हणून ती म्हणाली, "आजी, पाऊस वाढला तर मी स्वतः येईन हं." हाकेला ओ देण्याचे साधन आजींच्या हाती आले होते, पण शेजारधर्म संपला नव्हता.

स्वाध्याय
१. नवा फोन वापरताना आजींना कोणती अडचण आली?
२. फोन न घेता तो घ्यायला शिकविणे, ही खरी मदत का?
३. सोय बंद करण्याची युक्ती मुलीने आधी का शिकविली?
४. वाक्यांत उपयोग करा : ओ देणे, भिस्त ठेवणे, धास्ती असणे.
५. तुमच्या शेजारी कोणाला कमी दिसत असल्यास त्यांना कोणती मदत हवी आहे, ते विचारा व पाच वाक्यांत लिहा.