बुरशीच्या आधारावर जगणारी आमरी

अमरावती जिल्ह्यातील मेळघाटच्या अरण्यात झाडांच्या फांद्यांवर आमरीची रोपे वाढलेली दिसतात. आमरीलाच ऑर्किड असेही म्हणतात. पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजतात. परंतु तो समज चुकीचा आहे. बांडगूळ फांदीत मुळे रोवून झाडाचा रस शोषते. आमरी फांदीचा केवळ आधार घेते व आपले अन्न हिरव्या पानांत स्वतः तयार करते.

अशी ही स्वावलंबी आमरी बालपणी मात्र परावलंबी असते. वऱ्हाडातील शेतकरी जी सरकी किंवा ज्वारी पेरतो, तिच्या प्रत्येक दाण्यात अंकुरासाठी अन्नाची शिदोरी असते. आमरीच्या एका बोंडात हजारो बिया असतात. पण त्या धुळीच्या कणांसारख्या सूक्ष्म असून त्यांत शिदोरी जवळजवळ नसतेच. मग त्या रुजतात कशा? १८९९ साली नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला रुजणाऱ्या बियांत बुरशीचे तंतू आढळले. हे तंतू बीजात शिरतात आणि बीज त्यांतूनच अन्न मिळवते.

पाने फुटली, की बहुतेक आमरी आपले अन्न स्वतः मिळवू लागतात. परंतु गर्द वनाच्या सावलीत सूर्यप्रकाश थोडाच पोहोचतो. तेथे काही आमरी मोठेपणीही बुरशीकडून अन्न घेत राहिल्या. ज्यांना असे अन्न अधिक मिळाले, त्या पाने लहान असूनही तगल्या. असंख्य पिढ्यांनंतर त्यांच्या वंशजांची पाने खुरटली व हरितद्रव्य नाहीसे झाले. बेर्नारने अभ्यासलेली युरोपातील तपकिरी आमरी याच प्रकारची आहे. तिची बुरशी झाडांच्या मुळांशी जोडलेली असते. म्हणून झाडाने उन्हात केलेली साखर बुरशीमार्फत या आमरीला पोहोचते.

या सोयीची किंमतही मोठी आहे. अशा आमरीला खणून कुंडीत लावले, तर ती जगत नाही. कारण तिची बुरशी आणि त्या बुरशीला पोसणारी झाडे मागेच राहतात. वृक्ष तोडले, की तिचे अन्नही संपते. एकदा गमावलेले हरितद्रव्य तिला पुन्हा मिळवता येत नाही. तिला वाचवावयाचे असेल, तर सारे वनच वाचविले पाहिजे.

स्वाध्याय

१. आमरी व बांडगूळ यांत कोणता फरक आहे?
२. आमरीच्या बीजाला बुरशीची गरज का भासते?
३. ‘तिला वाचवावयाचे असेल, तर सारे वनच वाचविले पाहिजे,’ असे का म्हटले आहे?