प्रयोगाचा वाफा आणि शेतकऱ्याचे शेत

कृषी विद्यापीठाचा पदव्युत्तर विद्यार्थी शेतात खुंट्या रोवून लहान लहान वाफे पाडू लागला की, "एवढ्याशा वाफ्यावरून सबंध शेताचे काय कळणार?" असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येतो. हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घेणेही अगत्याचे आहे. कारण प्रयोग चुकला तर विद्यार्थ्याचा प्रबंध अडतो, परंतु चुकीचा सल्ला पाळला तर शेतकऱ्याचा सबंध हंगाम बुडतो.

पदव्युत्तर अभ्यासाचे स्वरूप

कृषी पदवीनंतरचा एम. एस्सी. (कृषी) हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांत असे शिक्षण दिले जाते. विद्यार्थ्याने शेतीतील एखादा प्रश्न निवडावा, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली त्यावर प्रयोग करावा आणि निष्कर्ष प्रबंधरूपाने मांडावेत, अशी अपेक्षा असते.

वाफ्यांची मांडणी

रब्बी ज्वारीचे उदाहरण घेऊ. मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने मालदांडी ३५-१ हे वाण तयार झाले. नवीन वाणांची पारख करताना अनेक वर्षे याच वाणाशी तुलना करण्यात आली आहे. समजा, चार नवी वाणे व मालदांडी अशा पाच वाणांची परीक्षा करावयाची आहे. शेताचा वरचा भाग मुरमाड व उथळ, तर खालचा भाग काळा व खोल आहे. नवे वाण खाली आणि मालदांडी वर पेरली, तर अधिक उत्पन्न वाणाचे की जमिनीचे, हे सांगता येणार नाही.

यास्तव उताराला आडवे असे चार गट पाडतात. एका गटातील जमीन शक्यतो सारखी असते. प्रत्येक गटात पाचही वाणे एकेकदा पेरतात व त्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवितात. असे एकूण वीस वाफे होतात. सारख्या जमिनीचे गट, चिठ्ठीने जागा व पुनरावृत्ती ही तीन तत्त्वे इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात १९१९ पासून काम करणारे शास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडली.

शंभर ग्रॅमची चूक

वाफ्याच्या कडेच्या ताटांना ऊन व ओल अधिक मिळते. म्हणून कडेच्या ओळी वगळून मधल्याच पिकाचे वजन करतात. हे क्षेत्र १० चौरस मीटर असेल आणि त्यात १ किलो धान्य मिळाले, तर हेक्टरी उत्पन्न १० क्विंटल होते. वजनात केवळ १०० ग्रॅमची चूक झाली, तरी हिशेबात हेक्टरी १ क्विंटलचा फरक पडतो! एखाद्या सायंकाळी गुरे शिरली व चार कणसे खाल्ली गेली, तरी नोंद खोटी ठरते. असे घडल्यास ते लपवू नये. वहीत स्पष्ट लिहावे.

केवळ धान्य पुरेसे नाही

खरिपात संकरित ज्वारीचा प्रसार झपाट्याने झाला; रब्बीच्या पट्ट्यात मात्र मालदांडी टिकून राहिली. टपोरा, चमकदार दाणा, चवदार भाकरी आणि जनावरांना रुचणारा भरपूर कडबा या गुणांना शेतकरी मोल देतो. जमिनीतील शिल्लक ओलीवर पीक उभे राहील काय, खोडमाशीला ते कितपत तोंड देईल, हेही तो पाहतो. म्हणून संशोधकाने धान्याबरोबर कडब्याचेही वजन करावे आणि घरातील गृहिणींना भाकरीबद्दल विचारावे.

प्रयोगापासून शिफारशीपर्यंत

एका विद्यार्थ्याच्या एका हंगामातील निष्कर्ष म्हणजे शिफारस नव्हे. पाऊस दरवर्षी सारखा नसतो. जमीनही गावोगाव बदलते. निरनिराळ्या ठिकाणी व अनेक हंगामांत वाण खरे उतरल्यावरच ते विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीपुढे ठेवले जाते. तिच्या मान्यतेनंतरच ते शिफारशीस पात्र होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. नव्या वाणाशेजारी, त्याच जमिनीत व त्याच दिवशी, नेहमीचे वाण पेरण्यास सांगावे.

२. दोन्हींना खत, पाणी व आंतरमशागत सारखीच द्यावी.

३. पेरणीची तारीख, पाऊस, रोग-कीड व उत्पन्न यांची नोंद ठेवावी.

४. अपयशही कळवावे. कोणते वाण कोठे फसले, हे समजल्याने पुढील शेतकऱ्याचे नुकसान टळते.

५. पहिल्या वर्षी सबंध शेत नव्या वाणाखाली आणण्याचा आग्रह धरू नये.

शेतकरी बंधूंनीही प्रयोगासाठी आलेल्या विद्यार्थ्यास आपल्या जमिनीचा अनुभव मोकळेपणाने सांगावा. कोठे पाणी साचते, कोठे मुरूम लागतो, हे त्या शेताच्या धन्याइतके दुसरे कोण जाणणार? असा अनुभव व काटेकोर मोजमाप एकत्र आले, तरच वाफ्यातील निष्कर्ष शेतात खरा ठरेल.