घरच्या घरीं दांत्यांचीं चाकें : यंत्र निवडतांना

घरीं दांत्यांचीं चाकें कापण्याची हौस ज्या विद्यार्थ्यांस आहे, ते प्रथम यंत्राची किंमत विचारतात. आमच्या मतें प्रश्नाचा आरंभ येथेंच चुकतो. चाक बरोबर उतरणें हें यंत्राच्या आकारापेक्षां घेराच्या विभागणीवर अधिक अवलंबून असतें. प्रत्येक दांत्यास केसभर चूक झाली तरी ती सांचत जाते, शेवटचा दांता बारीक अगर जाड निघतो, आणि वडिलांनीं आणून दिलेलें पितळ भंगारांत जातें. यासाठीं पैसा थोडा असल्यास तो आधीं विभागणीच्या साधनावर खर्चावा.

डिव्हायडिंग हेड नांवाच्या साधनांत बहुधा मूठ ४० वेळां फिरविली म्हणजे चाक एकदां फिरतें. २४ दांते हवे असल्यास ४० ला २४ नीं भागावें. उत्तर एक पूर्णांक दोन-तृतीयांश, म्हणजे १८ भोंकांच्या वर्तुळावर एक पूर्ण फेरा व वर १२ भोंकें. वर्गांत कंटाळवाणे वाटणारे अपूर्णांक येथें पैसे वांचवितात!

ज्यांच्या घरीं लहान लेथ आहे, त्यांस याहूनही स्वस्त उपाय आहे. लेथच्या बदलीच्या चाकांपैकीं ४८ दांत्यांचें चाक स्पिंडलच्या मागील टोकास पक्कें बसवावें, व त्याच्या खांचेंत स्प्रिंगची खीळ अडकवावी. एक सोडून एक खांच घेतली कीं २४ भाग होतात. ६० दांत्यांच्या चाकानें ३०, २०, १५, १२ मिळतील. २४ मिळणार नाहींत. मग खांचेच्या आकाराचें हत्यार बसवून कॅरेज हातानें पुढें-मागें सरकवीत पितळ थोडें थोडें खरवडून काढावें. काम फार सावकाश होतें, व पोलादास ही रीत उपयोगी नाहीं.

पोलादासाठीं मिलिंगचे कटर लागतात. एका मॉड्यूलच्या, म्हणजे दांत्यांच्या एकाच मापाच्या, संचांत सामान्यतः आठ कटर असतात. परंतु सगळा संच घेण्याचें कारण नाहीं. २४ दांत्यांस २१ ते २५ चा एक कटर पुरतो. जोडीचें चाक ४० चें असल्यास ३५ ते ५४ चा दुसरा घ्यावा. मॉड्यूल १ असेल तर २४ दांत्यांची चकती २६ मिलिमीटर व्यासाची कातावी.

जुनें यंत्र घेतांना रंग पाहूं नये. चकांत जाड सळई धरून वर-खालीं ओढावी. ती डुलली तर बेअरिंग झिजलें असें समजावें. हातचाक उलट फिरविल्यावर स्लाइड किती उशिरा हलते, हेंही पाहावें.

पालकांस एक विनंती. खीळ अडकविलेली असतां मोटारीचा प्लग भिंतींतून काढून ठेवलेला असावा, आणि चालत्या कटरपाशीं मुलानें हातमोजे घालूं नयेत.