पेप्टाइडे आणि केसांची वाढ

डोक्यावर दिसणारा केस हा केराटिन या प्रथिनाचा निर्जीव तंतू होय. जिवंत असते ते त्वचेतील त्याचे मूळ. म्हणून पेप्टाइडे, म्हणजे ॲमिनो अम्लांच्या आखूड साखळ्या, त्या मुळापर्यंत पोहोचतात काय, हे पाहावे लागते. १९७३ साली लोरेन पिकार्ट यांनी मानवी रक्तद्रवातून एक त्रिपेप्टाइड वेगळे केले; ते तांब्याशी सहज संयोग पावते. गंमत अशी की, त्यांचा अभ्यासविषय केस नसून यकृताच्या पेशी हा होता! २००७ साली दक्षिण कोरियात त्वचेपासून अलग केलेली मानवी केशमुळे तशाच एका ताम्र-पेप्टाइडाच्या सान्निध्यात ठेविली असता त्यांतील केस अधिक लांबले. परंतु काचपात्रात त्वचेचा अडथळा नसतो. टाळूवर चोळलेल्या द्रावणाला तो ओलांडावा लागतो, आणि माणसांवरील नियंत्रित प्रयोग अद्याप थोडे व लहान आहेत.